सुई नवी, बाटली एकच

ईदच्या दुसऱ्या दिवशी शिराळ्याला आपाच्या घरी गेलो होतो. आपा माझी चुलत बहीण. शीरखुर्मा झाला, गप्पा झाल्या, पण तिचा थोरला मुलगा काही बाहेर येईना. विचारलं तर म्हणाली, "काविळ झालीय त्याला. महिना झाला, झाडपाल्याचं औषध चालू आहे." पलीकडच्या गावात कुणी नाकात थेंब सोडतं, तिथं दोनदा नेऊन आणलं होतं. तेलकट बंद, मटण बंद, ऊसाचा रस सुरू. आमच्या भागात काविळीचा हाच इलाज असतो आणि बहुतेक वेळा काविळ आपोआप बरी होते, म्हणून औषधवाल्याचं नाव टिकून राहतं.

मी आत गेलो. पोरगा बावीस वर्षांचा. बारावीनंतर दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी करतोय. शिराळा तालुक्यात पहाटे पाचला पेठ नाक्याच्या रस्त्यावर उभे राहा, असे कितीतरी पोरगे पळताना दिसतील. शेती थोडी, पाऊस बेभरवशाचा, मुंबईतल्या गिरण्या कधीच्या गेल्या. ज्या घरातले आजोबा गिरणीत होते त्या घरातला नातू आता १६०० मीटर किती मिनिटांत पळतो यावर घराचं भवितव्य ठरतं. गोळाफेक, शंभर मीटर, मग लेखी. अर्ध्या सेकंदानं हुकलेली पोरं वर्षभर त्या अर्ध्या सेकंदाबद्दल बोलतात.

त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. आपा चहा करायला गेली तेव्हा हळूच विचारलं. आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, व्यायामशाळेतला एकजण "ताकदीचं इंजेक्शन" आणतो, दमच लागत नाही, चौघांनी मिळून घेतलं, पाचसहा वेळा. मी विचारलं, सुई एकमेकांची वापरली का? तो दुखावला गेला. म्हणाला, "सुई नवीच थी मामू. बाटली एकीच थी."

हे वाक्य गेले काही महिने माझ्या डोक्यातून जात नाही. कारण त्या पोराला जेवढं कळलं होतं तेवढंही त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं. ते त्यानं कुठल्यातरी पोस्टरवरून उचललं होतं. आणि जे कळलं नव्हतं, ते सांगण्याची जबाबदारी ज्यांची आहे ते सगळे नशामुक्तीच्या शपथा देण्यात गुंतले आहेत.

आधी त्या बाटलीबद्दल. पश्चिम महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत व्यायामशाळांच्या आसपास जे इंजेक्शन फिरतंय त्याचं नाव मेफेंटरमिन. हे काही चोरून कारखान्यात शिजवलेलं रसायन नाही. पाठीच्या मणक्यात भूल दिल्यावर, म्हणजे सिझेरियनच्या वेळीसुद्धा, बाईचा रक्तदाब एकदम खाली जातो. तो वर आणायला भूलतज्ज्ञ हे औषध देतात. म्हणून ते जवळपास प्रत्येक शस्त्रक्रियागृहात असतं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. ते हृदयाला चाबूक मारतं. नाडी वाढते, थकवा जाणवत नाही, आपण कितीही पळू शकतो असं वाटतं. थकवा गेलेला नसतो, फक्त त्याची जाणीव गेलेली असते. सवय लागते, झोप उडते, संशय आणि भास सुरू होतात, हृदयाचे स्नायू निकामी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. खेळाडूंसाठी ते जागतिक पातळीवर बंदी असलेल्या औषधांत आहे. पुणे, सांगली, सोलापूर अशा ठिकठिकाणी पोलिसांनी या कुप्यांचे साठे पकडले आहेत.

पण मला इथे औषधाच्या दुष्परिणामांपेक्षा त्या कुपीबद्दल बोलायचं आहे. ही दहा मिलीची कुपी असते, रबरी बुचाची. एका माणसासाठी एकदा फोडायची काच नव्हे, तर पुन्हा पुन्हा टोचून काढायची बाटली. चार पोरं चार नव्या सिरिंज आणतात. पहिला काढतो, टोचून घेतो, सुईत आणि नळीत रक्ताचा डोळ्याला न दिसणारा अंश राहतो. जरा वेळानं त्याला वाटतं, थोडं आणखी हवं. तीच सुई पुन्हा बुचातून आत जाते. त्या क्षणापासून बाटलीतलं औषध चौघांचं सामाईक रक्त होतं. बाकीच्या तिघांची सुई नवी असली काय नि जुनी असली काय. वर उरलेलं औषध फेकत नाहीत, महाग पडतं. बुचाला टेप लावून पुढच्या रविवारसाठी ठेवतात. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तग धरतो. हिपॅटायटिस सीचा विषाणू सिरिंजच्या नळीत कित्येक आठवडे टिकल्याचं प्रयोगशाळेत दिसलं आहे. रविवार ते रविवार म्हणजे त्याला काहीच नाही.

पोराला आम्ही तपासणीसाठी नेलं. रिपोर्टवर ऑस्ट्रेलिया अँटीजेन पॉझिटिव्ह. हे हिपॅटायटिस बीचं जुनं नाव, लॅबवाले अजून तेच वापरतात. जिथं तपासणी केली त्या खासगी ठिकाणच्या माणसानं रिपोर्ट देताना बाकावर बसलेल्या दहा माणसांसमोर मोठ्यांदा विचारलं, "बाहेर काय काय करतोस रे?" आपाला त्याचा अर्थ कळला नाही. मला कळला. आणि पोरानं त्याच दिवशी ठरवलं की मित्रांना काही सांगायचं नाही.

हिपॅटायटिस बीला लस आहे. तीन डोस, बाळांना जन्मल्यापासून देतात. पण सरकारी लसीकरणात ती देशभर पोचली २०११ मध्ये. त्याआधी जन्मलेल्या खेड्यातल्या पोरांपैकी ज्यांच्या आईबापांनी पदरचे पैसे घालून टोचली असेल तेवढीच सुरक्षित. म्हणजे आज जी वीसच्या पुढची पिढी व्यायामशाळेत उभी आहे, तीच या लसीच्या फटीतून निसटलेली आहे. हिपॅटायटिस सीला लसच नाही. लागण झालेल्यांपैकी बहुतेकांत तो शरीरात मुक्काम ठोकतो, काविळसुद्धा होत नाही, पंधरावीस वर्षांनी यकृत आकसल्याचं सोनोग्राफीत दिसतं. तेव्हा तो माणूस चाळिशीचा, दोन पोरांचा बाप, आणि इंजेक्शनची ती दोन वर्षं तो स्वतःही विसरलेला. तिसरा एचआयव्ही, त्याबद्दल सांगली जिल्ह्याला मी काय सांगावं. एका पोराच्या काविळीनं निदान बोभाटा तरी केला. ज्या पोराला सी झाला असेल तो आत्ता या क्षणी धडधाकट पळतो आहे.

आता आपल्या शूर लढ्याकडे वळू. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडमध्ये मेफेड्रोनचा साठा पकडला. पुढच्याच महिन्यात मुंबई पोलिसांनी कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत कारखानाच उघडकीला आणला. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ कार्वे एमआयडीसीत आणखी एक. द्राक्षाच्या आणि हळदीच्या जिल्ह्याचं नाव एमडीसाठी घेतलं जाऊ लागलं. कारवाई झाली ती योग्यच झाली, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही की त्यानंतर जिल्ह्यानं जे मोजलं ते सगळं किलोत आणि कोटींत मोजलं. इतके किलो, इतक्या कोटींचा, इतके आरोपी. ज्यांच्या शिरेत ते जातं त्यांच्यापैकी कितीजणांचं रक्त तपासलं, हा आकडा कुणी विचारत नाही, पत्रकारसुद्धा नाही. मीही पत्रकारितेत वर्षं काढली आहेत, कोटींचा मथळा किती चटकन बसतो ते मला माहीत आहे.

देशात सुईनं नशा करणारे सुमारे साडेआठ लाख लोक असल्याचा अंदाज केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या २०१९ च्या सर्वेक्षणात आहे. नाकोच्या २०१४-१५ च्या पाहणीत अशा लोकांमधलं एचआयव्हीचं प्रमाण ९.९ टक्के निघालं. सर्वसाधारण प्रौढांमध्ये ते पाव टक्क्याच्या आसपास होतं. पण हे आकडे मुख्यतः हेरॉइन आणि त्या जातीच्या औषधांचे आहेत, मणिपूर, मिझोराम, पंजाब, दिल्ली, मुंबईचे. त्यांच्यासाठी सरकारची योजना आहे, सुईच्या बदल्यात सुई मिळते, जिभेखाली विरघळणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी मिळते. शिराळ्याचा भरतीचा पोरगा त्यात बसत नाही. मेफेंटरमिन अफूच्या कुळातलं नाही, त्याला ब्युप्रेनॉर्फिन लागू पडत नाही. आणि त्याहून महत्त्वाचं, तो स्वतःला नशेडी समजतच नाही. तो दारूला शिवत नाही, तंबाखू खात नाही, पहाटे उठतो, दूध-अंडी खातो, हनुमान जयंतीला मित्रांबरोबर रामदासांनी स्थापन केलेल्या मारुतीला जातो किंवा जुम्म्याला पहिल्या रांगेत उभा असतो. नशामुक्तीचं पोस्टर त्याच्याबद्दल आहे असं त्याला कसं वाटावं? पोस्टरवर तर केस पिंजारलेला, भिंतीला टेकलेला गर्दुल्ला आहे.

तो गर्दुल्ला मराठी मनात १९८० च्या दशकात शिरला. अनिल अवचटांनी मुंबई-पुण्यातल्या गर्दच्या विळख्यावर लिहिलं, डॉ. सुनंदा अवचटांबरोबर १९८६ मध्ये मुक्तांगण उभं केलं, पुलंनी त्याला हात दिला. तेव्हा व्यसनी माणूस हा रुग्ण आहे ही गोष्ट मराठी समाजाला पहिल्यांदा कुणीतरी मायेनं सांगितली. ते ऋण मोठं आहे. पण त्यातून आपल्या हातात एकच शब्द उरला, व्यसनमुक्ती. सोड, मग आम्ही तुझे. आणि जो अजून सोडत नाही, सोडू शकत नाही, किंवा सोडण्यासारखं काही धरलंय हेच त्याला पटत नाही, त्याचं काय? तो सोडेपर्यंत जिवंत आणि निरोगी राहिला पाहिजे, यासाठी आपल्या भाषेत धड शब्दसुद्धा नाही. मुंबईत 'संकल्प'सारख्या संस्था १९९० च्या दशकापासून रस्त्यावरच्या लोकांत हे काम करत आल्या आहेत, पण ते काम मराठी वाचकांच्या चर्चेत कधी आलंच नाही.

हा मुद्दा मी शिराळ्यातच दोनचार जाणत्या लोकांसमोर काढला. सगळ्यांचं उत्तर एक. "म्हणजे आता सुया वाटणार का तुम्ही? पोरं अजून बिघडतील." त्यातले एक आप्पा, वय सत्तर, माझ्या वडिलांचे दोस्त. त्यांना मी म्हटलं, आप्पा, तुमच्या गावात साप चावला तर काय करता? नागपंचमीचं गाव तुमचं. जिवंत नागांची पूजा सगळ्या देशाला माहीत, न्यायालयानं बंधनं घातली तरी गाव त्या आठवणीवर जगतं. चावलेल्या पोराला तुम्ही आधी विचारता का, बिळात हात कशाला घातलास म्हणून? आप्पा हसले, म्हणाले, "आरं, तो साप हाय. ह्यो पोरगा सोताच्या हातानं टोचून घेतोय." खरं आहे. पण विषाणू त्यानं मागवला नव्हता. त्यानं पळायची ताकद मागितली होती.

आणि "वाटलं तर बिघडतील" हे वाक्य सांगलीनं एकदा ऐकलेलं आहे. १९९२ मध्ये संग्राम ही संस्था सांगलीच्या गोकुळनगरात वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर काम करू लागली. निरोध वाटले. वाटणाऱ्या बाहेरून आलेल्या समाजसेविका नव्हत्या, त्याच वस्तीतल्या बायका होत्या, पुढे त्यांनी वॅम्प नावाची स्वतःची संघटना केली. तेव्हाही सभ्य लोक म्हणायचे, ही व्यभिचाराला परवानगी आहे. त्या काळात देशातल्या जास्त एचआयव्ही लागणीच्या जिल्ह्यांत सांगलीचं नाव होतं. गावोगावी तरणीताठी माणसं मरत होती, घरचे लोक "टीबी होता" म्हणायचे, सुनेला माहेरी धाडायचे. निरोध वाटल्यानं वेश्याव्यवसाय वाढला, असं आज सांगलीत छातीठोकपणे कोण म्हणेल? ज्या बायकांकडे आपण बघायचं टाळत होतो त्यांनी या जिल्ह्याला साथीशी कसं लढायचं ते शिकवलं. तीस वर्षांनी आपण तो धडा पाटीवरून पुसून पुन्हा पहिल्या इयत्तेत बसलो आहोत.

सुयांबद्दलही हा प्रश्न जगानं तपासून झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००४ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. स्वच्छ सुया दिल्यानं नशा वाढते याचा पटण्यासारखा पुरावा नाही, आणि एचआयव्हीची लागण घटते हे मात्र दिसतं, असा निष्कर्ष निघाला.

तरी कुणाला वाटेल, हे मोठ्या शहरांचं दुखणं, लहान गावात असं काही होत नाही. त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या इंडियाना राज्याची गोष्ट. स्कॉट काउंटी नावाचा ग्रामीण भाग, त्यात ऑस्टिन नावाचं चारेक हजार वस्तीचं गाव. शिराळ्यापेक्षा कितीतरी लहान. तिथंही चोरटं रसायन नव्हतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं वेदनाशामक होतं. गोळी विरघळवून लोक टोचून घ्यायचे, एकाच घरात, एकच सिरिंज फिरवत. आधी तिथं हिपॅटायटिस सी पसरला. तो इशारा होता, कुणी ऐकला नाही. २०१४ च्या अखेरीस एचआयव्हीचे रुग्ण सापडू लागले. राज्याच्या कायद्यात सुयांच्या केंद्राला परवानगी नव्हती आणि राज्यपाल माइक पेन्स यांचा त्याला नैतिक विरोध होता. मार्च २०१५ मध्ये त्यांनी आणीबाणी जाहीर करून तात्पुरती परवानगी दिली. तोवर उशीर झाला होता. शेवटी त्या एवढ्याशा भागात दोनशेहून जास्त लोकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं नोंदलं गेलं. विषाणूंची तपासणी केली तेव्हा बहुतेकांचे विषाणू एकमेकांचे सख्खे नातेवाईक निघाले, म्हणजे काही महिन्यांत हातोहात पसरलेले. गावात चर्च होती, पोलीस होते, नशाविरोधी भाषणंही होती.

आपल्याकडे तर कायद्याचीही अडचण नाही. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. त्याचं कलम २२ म्हणतं की केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लागणीचा धोका कमी करण्यासाठी जे काम केलं जातं त्याला गुन्हा मानता येणार नाही. कलमाखाली उदाहरणं दिली आहेत, त्यातलं एक नेमकं सुईच्या बदल्यात सुई देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं आहे. दोघांवरही कारवाई होऊ शकत नाही. याच कायद्यानं संमतीशिवाय एचआयव्ही तपासणी करता येत नाही आणि निकाल चारचौघांत सांगता येत नाही. नशेच्या कायद्यातसुद्धा कलम ६४अ आहे. स्वतःहून उपचाराला आलेल्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. संसदेनं एवढा शहाणपणा दाखवला आणि तालुक्याच्या चौकात मात्र आपण अजून "नाव कळवा, बक्षीस मिळवा" या पातळीवर आहोत. नाव कळवलं जाईल या भीतीनं कुठला पोरगा सरकारी दवाखान्याची पायरी चढेल?

औषध दुकानांचंही तसंच. मेफेंटरमिन चिठ्ठीशिवाय विकणारा गुन्हेगार आहे, त्याला धरा. पण सिरिंज विकायला चिठ्ठी लागत नाही. तरी शिराळ्यात तरुण पोरानं एकटी सिरिंज मागितली की दुकानदार हात वर करतो. त्याचंही चुकत नाही, उद्या चौकशी त्याच्याकडे यायची. परिणाम एवढाच होतो की औषध मागच्या दारानं मिळतं आणि सुई पुढच्या दारानं मिळत नाही. पाचदहा रुपयांची वस्तू दुर्मीळ झाली की ती धुऊन वापरतात, एकमेकांना देतात. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात एडिंबरोत हेच झालं होतं. सिरिंज मिळेनात, पोलीस जप्त करत, आणि तिथल्या एका डॉक्टरनं आपल्या दवाखान्यातल्या हेरॉइन घेणाऱ्या रुग्णांचं रक्त तपासलं तर ५१ टक्के एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाले.

आता घरचं बोलतो. मुस्लिम मोहल्ल्यात या विषयावर एकच वाक्य बोललं जातं, नशा हराम आहे. ते कुणी नाकारलंय? पण मिंबरवरून हराम म्हटलं की आमची जबाबदारी संपते, बाकी पोरगा आणि त्याची अम्मी बघून घेतील. ज्यांना हा विषय मजहबी चौकटीतच ऐकायचा असेल त्यांनी इराणकडे बघावं. तिथं तर दारूलाही फटके आहेत. पण सुयांमुळे तुरुंगांत एचआयव्ही पसरला तेव्हा केरमानशाहसारख्या शहरात डॉक्टरांनी दवाखाने उघडले, आणि २००५ मध्ये न्यायव्यवस्थेचे प्रमुख आयतुल्ला शाहरूदी यांनी न्यायाधीशांना लेखी कळवलं की मेथाडोन आणि स्वच्छ सुया देणाऱ्यांच्या आड येऊ नका. मलेशियात सुयांचा कार्यक्रम २००६ मध्ये सुरू झाला, आणि २०१० मध्ये क्वालालंपूरच्या अर-रहमान मस्जिदीत मेथाडोन द्यायला सुरुवात झाली. मस्जिदीत! दोन नुकसानं अटळ असतील तर धाकटं पत्करावं, हा फिकहचा जुना नियम आमच्या मौलानांना तलाक आणि व्याजाच्या चर्चेत बरोबर आठवतो. व्यायामशाळेच्या दारात तो का आठवू नये?

या भीतीला आणखी एक पदर आहे. तो न लिहिणं अप्रामाणिक ठरेल. नशेच्या प्रकरणात पकडलेल्याचं नाव मुस्लिम असलं की त्याच्या मागे लगेच "जिहाद" चिकटतो. नाव दुसरं असलं की "वाट चुकलेली तरुणाई" होते. आपा मुलाला तपासणीला नेताना सगळ्या वाटेनं एकच सांगत होती, नाव नीट नको सांगूस. विषाणूला ना नाव विचारायचं असतं ना जात. बाटलीभोवती बसलेल्या चौघांत आमचा एकटाच मुस्लिम होता. चौघांच्या आया मात्र सारख्याच घाबरलेल्या असणार.

मग करायचं काय, असं आप्पांनी शेवटी विचारलंच. मी काही मोठी योजना सांगितली नाही. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी फुकट होते, समुपदेशक असतो. तिथंच हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी जोडा. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम चालू आहे, सीच्या गोळ्या त्यात मोफत मिळतात, साधारण बारा आठवड्यांत शंभरातले पंचाण्णवांहून जास्त बरे होतात. असा आजार जगात दुसरा कुठला आहे की ज्याच्यावर एवढा खात्रीचा इलाज फुकट आहे आणि तरी आपण पोरांना तपासणीला बोलावत नाही? १८००-११-६६६६ हा त्या कार्यक्रमाचा क्रमांक आणि एचआयव्हीसाठी १०९७, हे दोन क्रमांक व्यायामशाळेच्या आरशाशेजारी लावा. भरतीच्या अकादम्यांनी प्रवेश घेतानाच बीची लस टोचून घ्यायला सांगावं. छाती-उंची मोजतातच की, एक लस जड नाही. दुकानदारांना वरून स्पष्ट सांगा की सिरिंज मागणाऱ्याला सिरिंज द्या. तालमीचे वस्ताद, व्यायामशाळेचे मालक यांनी पोरांना एवढं तरी बोलून दाखवावं: हे घेऊ नका, आणि घेतच असाल तर एका बाटलीत दोन माणसांच्या सुया जाऊ देऊ नका, एकदा वापरलेली सुई पुन्हा बाटलीत घालू नका, आणि आजवर घेतलं असेल तर रक्त तपासून या. वस्तादांना दुसऱ्या अर्ध्या वाक्याची लाज वाटते, हे मला कळतं. पहिलं अर्धं वाक्य ते वर्षानुवर्षं बोलत आले आहेत आणि बाटल्या संपलेल्या नाहीत.

पोलिसांनी साठे पकडत राहावं. फक्त पकडलेल्या पोराला, जो विकणारा नाही तर घेणारा आहे, त्याला कोठडीऐवजी तपासणीच्या खोलीकडे न्यावं. त्याचे डोळे पांढरे दिसतायत म्हणून तो निरोगी आहे असं धरून चालू नये.

आपाच्या मुलाची काविळ उतरली. मोठ्या माणसांत हिपॅटायटिस बी बहुतेक वेळा शरीर स्वतःच हुसकून लावतं, पण ते नक्की झालं की नाही हे सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासल्यावर कळतं. ती तारीख दिवाळीनंतरची आहे. सी आणि एचआयव्ही पहिल्या वेळी निगेटिव्ह आले, तेही पुन्हा बघायचे आहेत, कारण लागण झाल्यावर काही आठवडे तपासणीत दिसत नाही. भरती त्यानं या वर्षी सोडली.

बाकीच्या तिघांना मी त्याच्याकरवी निरोप दिला. मी घेऊन जातो, नाव कुठे येणार नाही, घरी कळणार नाही. एकजण आला, त्याचं निगेटिव्ह निघालं, जाताना त्यानं लसीचा पहिला डोस घेतला. दुसरा म्हणाला, मला काही झालेलं नाही. तिसऱ्यानं फोन उचलला नाही. परवा पोराकडून कळलं की तो शारीरिक चाचणीत पास झाला, लेखीची तयारी करतोय, आणि मुंबईला निघण्याआधी त्याच्या घरच्यांनी त्याचं लग्न ठरवलं आहे.